भाऊच्या धक्क्यावरचा ‘लिलावाचा माल’: आमचे २६,१५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर, मासळीच्या बंदरात, पहाटे रबरी बूट घातलेला, हातात वही धरलेला कुणी “लिलावातला माल लिलावाच्याच भावात देतो” म्हणत जवळ आला, तर त्याच्याशी बोलूच नका. सरळ पुढे चला.

हे लिहिताना लाज वाटते. आम्ही घणसोलीचे आगरी. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला मासळी ओळखायला शिकवावं लागत नाही. आणि तरी पुतणीच्या हळदीच्या दिवशी अशाच एका माणसाकडून घेतलेल्या मासळीचे खोके आमच्याच अंगणात उघडले तेव्हा आचारी दोन पावलं मागे सरकला. भावकीतली माणसं बघत उभी होती.

आधी हिशोब. पापलेट १२ किलो, ९५० रुपयांनी ११,४००. सुरमई १५ किलो, ६२० ने ९,३००. कोळंबी १० किलो, ४२० ने ४,२००. मालाचे झाले २४,९००. तीन थर्मोकोलचे खोके ७५०, बर्फ २००, हमाली ३००. एकूण २६,१५०, सगळे एकदम क्यूआरवर. क्यूआर त्याच्या स्वतःच्या फोनवर नव्हता, सोबतच्या पोराच्या फोनवर होता. स्क्रीनवर नाव तिसऱ्याच कुणाचं आलं. विचारलं तर म्हणाला, शेठचं खातं आहे. दलालीच्या धंद्यात असं असतंच, म्हणून मी पैसे पाठवले.

“बघून घ्यायला नको का?” हे वाक्य त्या दिवसापासून इतक्या जणांकडून ऐकलंय की आता संताप येतो. बघूनच घेतलं हो! पापलेटचे कल्ले मी स्वतः उचलून पाहिले. मेहुण्याने सुरमईच्या पोटावर बोट दाबलं, खळगा राहिला नाही. कोळंबीची डोकी घट्ट होती, काळी पडलेली नव्हती. काटा शून्यावर आहे हे बघितलं, पाटीचं वजन वजा करायला लावलं. दाखवलेला माल चोख होता. म्हणूनच तर फसलो. कुजका माल दाखवला असता तर आम्ही तिथे क्षणभर थांबलो नसतो.

घात झाला तो पुढे. “दादा, इथे पाय ठेवायला जागा नाही, तुम्ही गाडी काढा, मी बर्फ भरून बांधून आणतो.” पाट्या ट्रकांच्या मागे गेल्या. खोके परत आले तेव्हा प्रत्येकाला खाकी चिकटपट्टीचे चार-चार वेढे. मेहुणा म्हणाला, “भावोजी, एक उघडून बघूया.” तो माणूस तत्काळ म्हणाला, “बर्फाचं पाणी गाडीत सांडेल, शुभकार्याची गाडी वास मारेल.” मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, पाटीवाले “बाजू, बाजू” ओरडत होते, घरी चुली पेटायच्या होत्या.

ती चिकटपट्टी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एवढी पट्टी लांबच्या गावाला जाणाऱ्या मालाला मारतात. घणसोली तिथून किती लांब? तासाभराच्या रस्त्याला चार वेढे कशाला? सगळा डाव त्या पट्टीत होता आणि ती माझ्या हातासमोर होती. पण लग्नघरातला माणूस त्या वेळी, त्या गर्दीत आणखी काय करणार होता, हे मला कुणीतरी सांगावं.

घरी बर्फ काढून वजन केलं. पापलेट ८ किलो ४०० ग्रॅम भरली, वरचा थर ताजा, खालची पिवळी पडलेली. सुरमईचे वरचे चार मासे आम्ही निवडलेले, बाकीच्यांचे कल्ले तपकिरी आणि पोटं फुटलेली. कोळंबीच्या खोक्यात अर्ध्याच्या वर बर्फ. सगळं फेकलं. दिवाळे गावच्या बाजारातून मिळेल ती मासळी १७,६०० रुपयांना आणली, तेव्हा कुठे पंगत बसली.

आता पोलिसांचं ऐका. घराजवळच्या ठाण्यात गेलो, तर “घटना मुंबईत घडली, तिकडच्या हद्दीत जा.” तिकडे गेलो, तर “पैसे तुम्ही राजीखुशीने दिले, माल घेतलात, हा दिवाणी मामला.” मी विचारलं, बारा किलोचे पैसे घेऊन आठ किलो दिले आणि मासे बदलले, ही फसवणूक नाही तर काय? उत्तर आलं, “खोका तिथेच का नाही उघडला?” म्हणजे चोर सोडून माझीच उलटतपासणी! भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात देता येते. हे मी बोललो तर साहेब म्हणाले, वकील आहात का? बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. सायबर मदत क्रमांकावरची बाई म्हणाली, माल हातात मिळालाय, हे आमच्यात बसत नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव माझ्या फोनवर आहे, व्यवहार क्रमांक आहे, वेळ आहे. एक फोन करून त्या खातेदाराला बोलवायला कुणाला सवड नाही. लेखी अर्जाची पोच मागितली तर तीही हुज्जत घालून मिळाली. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.

मी धक्क्यावर परत गेलो. तो दिसला नाही. तिथे वाटे लावून बसलेली एक कोळीण मावशी म्हणाली, “वही घेऊन फिरतो तो आमच्यातला न्हाय. आमची जागा ठरलेली, उद्याबी हितंच.” तिचं म्हणणं पक्कं धरा. जिची बसायची जागा ठरलेली आहे तिच्याकडूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. कोळणींना यात कुणी बोल लावू नये.

बर्फ आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्या, किंवा घरून स्वतःचे डबे न्या. पिवळ्या दिव्याखाली कल्ले बघू नका, मोबाईलचा पांढरा टॉर्च मारा. पैसे शेवटी, आणि समोरच्याच माणसाच्या नावावर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत कुणी ढिगाने ‘आजचीच’ पापलेट दाखवत असेल तर ती शीतगृहातली समजा. माल बांधताना व्हिडिओ काढा, कुणी हात आडवा घातला तर तिथूनच परत फिरा.

ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर माझी तक्रार नोंदवून घेतली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तिथेही अर्ज तयार केलाय. त्यात प्रतिवादी म्हणून त्या खातेदाराचं नाव टाकतोय. तुमच्याकडे असाच व्यवहार असेल तर स्क्रीनशॉट पुसू नका, आणि खोक्यावरची ती चिकटपट्टी कापण्याआधी तिचेही फोटो काढून ठेवा.