व्हिएतनामचा ई-व्हिसा काढताना आमची झालेली फसवणूक

आईचा हा पहिलाच परदेशप्रवास. हनोईची तिकिटं झाली, हॉटेल झालं, आणि व्हिसाचं काम मी एका रात्री झोपण्याआधी उरकायला घेतलं. गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेली साइट उघडली. शेजारी बारीक अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलेलं मला दिसलं होतं. पण पानावर लाल झेंडा, पिवळा तारा, सरकारी थाटाचा अर्ज. दोघींचे मिळून १७८ डॉलर भरले आणि निवांत झोपले.

सरकारी शुल्क किती, हे आधी पाहायला हवं होतं. एकदाच प्रवेश करायचा असेल तर २५ डॉलर, अनेकदा ये-जा करायची असेल तर ५०. ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि सगळं नीट भरलेलं असेल तर साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत येतो. शनिवार-रविवार त्यात धरायचे नाहीत.

आमचा आठ दिवस आला नाही. मग मेल आली: अर्ज अडकलाय, सोडवून घ्यायला प्रत्येकी ४० डॉलर. निघायला नऊ दिवस उरलेले. भरले. दुसऱ्याच दिवशी दोन्ही व्हिसा हजर! माझा बरोबर होता. आईच्या व्हिसावर मात्र ४ नोव्हेंबरऐवजी ११ एप्रिल ही जन्मतारीख. मी बरोबर भरली होती, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. त्यांच्याकडे कुणीतरी दिवस आणि महिना उलटे टाकले. जन्मतारीख पासपोर्टशी जुळत नसेल तर विमान कंपनीच बोर्डिंग पास नाकारू शकते. दुरुस्ती मागितली तर उत्तर आलं, नवा अर्ज करा, नवे पैसे भरा.

तेव्हा कुठे मी खरी साइट शोधली. तिचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ने संपतो. तिथे अर्जाची स्थिती बघायला नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि अर्जातला ईमेल लागतो. सरकारकडून आम्हाला एकही मेल आली नव्हती, कारण अर्जात ईमेल त्या लोकांनी स्वतःचा घातला होता. आईच्या अर्जाची चावी परक्यांच्या हातात होती, आणि पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

नवा अर्ज मी स्वतः भरला, २५ डॉलर देऊन. चार वेळा तपासला, मग पाठवला. मधे शनिवार-रविवार आले. ते दिवस फार वाईट गेले. आई सारखी विचारत राहिली, “माझ्याच कागदात काही चुकलं का गं?” तिचं काहीही चुकलं नव्हतं. निघायच्या दोन दिवस आधी व्हिसा आला.

बँकेने पैसे परत मिळवून द्यायला नकार दिला: ओटीपी मीच टाकला होता, आणि सेवा ‘मिळाली’ होती. त्या साइटच्या तळाशी, फिकट करड्या अक्षरांत, ‘आम्ही खासगी संस्था आहोत, सरकारशी संबंध नाही’ असं लिहिलेलं सापडलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, कार्डही बदललं. तुम्ही अशा ठिकाणी आधीच पैसे भरले असतील तर निदान व्हिसावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख आजच पासपोर्टशी ताडून पाहा, विमानतळावर नको.

आईच्या पासपोर्टची मुदत संपायला अजून सहा वर्षं आहेत. त्याच्या पहिल्या पानाची स्वच्छ प्रत त्या लोकांकडे आहे, आणि ती मला परत मागता येत नाही.