दहा महिने एकाच रहस्यकथेसोबत

पुस्तक घेऊन दहा महिने झाले. घेतलं तेव्हाच लिहिलं असतं तर दोन ओळींत आटपलं असतं: गोष्ट वेगवान आहे, बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांना आवडेल. पण तेव्हापासून आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी सहा-सात मुलं याच पुस्तकाभोवती बसतात आणि त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. कादंबरीचं नाव मात्र देत नाही. पुढे मी तिचं मुख्य रहस्य फोडणार आहे, आणि "काकू, नाव घ्यायचं नाही हं," असं मुलांनीच बजावलं आहे.

शाळकरी मुलांची सात फेऱ्यांची बुद्धिबळ स्पर्धा, बाहेरगावच्या हॉटेलात उतरलेले खेळाडू, आणि तयारीच्या चालींनी भरलेली एका मुलीची वही चोरीला जाते. शोध घेणारी नायिका पंधरा वर्षांची आहे आणि खेळात अगदी मधल्या फळीतली. मला हे फार आवडलं. ज्याच्यावर संशय आहे तो मुलगा म्हणतो, चोरी झाली त्या संध्याकाळी मी मित्राबरोबर खोलीत सरावाचा डाव खेळत होतो. पुरावा म्हणून तो चाली लिहिलेला कागद दाखवतो. खाली दोघांच्या सह्या. लेखकाने तो अख्खा डाव, एकतीस चालींचा, पानावर छापला आहे आणि उलगडा साठेक पानं पुढे ठेवला आहे.

पहिल्या वाचनात मी ते पान सरळ उलटलं. माझ्या मुलानेही उलटलं. थांबले ते आमचे आप्पा, माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी पंचवटीत ते देशी पद्धतीचं बुद्धिबळ खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं आणि कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नसतं. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येते, पण तोवर त्याला शह बसलेला नसेल तरच. आप्पांनी पट मांडायला सांगितला. नातू चाल वाचायचा, आप्पा मोहरा हलवायचे. एकोणिसाव्या चालीला काळ्याने कॅसलिंग केलं आणि आप्पांचा हात पटावरच थांबला. "अरे, हा राजा मघाशी हलला होता ना?"

नातवाने मागे जाऊन पाहिलं. आठव्या चालीला राजा ई८ या आपल्या मूळ घरावरून ई७ वर गेला होता आणि अकराव्या चालीला परत ई८ वर आला होता. एकदा हललेला राजा घरी परत आला तरी कॅसलिंग करता येत नाही. म्हणजे तो डाव कुणी खेळलाच नव्हता, दोघांनी बसून नुसता लिहून काढला होता. आप्पांच्या खेळात राजाला पूर्वी शह बसला होता की नाही हे शेवटपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. ती सवय साठ वर्षांनी अशी कामी आली. त्यांचा चेहरा त्या संध्याकाळी काय उजळला होता!

या पुस्तकाचं मोल मला इथे दिसतं. एकोणिसाव्या चालीच्या आधीचा पट नुसता बघितला तर काहीच खटकत नाही. राजा जागेवर, हत्ती जागेवर, मधली घरं मोकळी. खोटेपणा पटावर दिसत नाही, तो आधीच्या चालींत आहे, आणि पहिल्यापासून एकेक मोहरा हलवल्याशिवाय तो हाती लागत नाही. मुलांसाठीच्या कितीतरी रहस्यकथांमध्ये शेवटी गुप्तहेर एखादी अशी गोष्ट सांगतो जी वाचकाला आधी दाखवलेलीच नसते. इथे सगळं तुमच्यासमोर ठेवलेलं आहे. पुस्तक घेणार असाल तर शेजारी पट हवाच. आम्ही गुंडाळी करता येणारा व्हिनाइलचा साधा पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या घेतल्या, तेवढ्याने काम भागतं.

मोठा वाद चिठ्ठीवरून आहे. पाचव्या फेरीआधी चौथ्या पटाखाली धमकीची चिठ्ठी सापडते, तीही जोड्या फलकावर लागायच्या आधी. नायिका म्हणते, स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंना एकमेकांशी खेळवतात त्या पद्धतीत, कोण कुणाशी आणि कुठल्या पटावर खेळणार हे मागच्या फेरीचे निकाल आल्याशिवाय ठरत नाही, म्हणून चिठ्ठी ठेवणारा जोड्या लावणाऱ्यांपैकीच असणार. मला हे बिनतोड वाटलं होतं. शेजारची सातवीतली मुलगी मात्र ऐकेना. तिचं म्हणणं, जास्त गुणवाले वरच्या पटांवर बसतात, मग गुणतक्ता बघून कुणीही अंदाज करू शकतो. मुलांनी कागदावर बारा काल्पनिक खेळाडू घेऊन चार फेऱ्या लावून पाहिल्या. पहिला पट बहुतेक वेळा ओळखता आला, चौथा फारसा नाही. अर्धी मुलं नायिकेच्या बाजूची, अर्धी त्या मुलीच्या. मी आता तिच्या बाजूला झुकले आहे. अंदाज बरोबर येण्याची शक्यता कमी असली, तरी ती आहे, आणि नायिका तिचा विचारच करत नाही.

आता जे खटकलं ते. पहिली फेरी हरलेला एक मुलगा "आता संपलाच" असं कादंबरी धरून चालते आणि संशयितांतून त्याचं नाव काढून टाकते, कारण हरलेल्याला वही चोरून काय मिळणार? नाशिकच्या मुलांपुढे हे टिकणारच नव्हतं. ग्रँडमास्टर विदित गुजराथी इथेच खेळत मोठा झाला. २०२३ची ग्रँड स्विस ही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली ती पहिलीच फेरी हरून. अकरा फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवले आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या २०२४च्या टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत जागा पटकावली. माझ्या मुलाने हे सांगितल्यावर सगळ्यांनी त्या मुलाला पुन्हा संशयितांत घेतलं आणि मधली चाळीस पानं नव्याने वाचली. पुस्तकाची चूक, पण त्या चुकीनेही आम्हाला दोन शनिवार मजा दिली.

नियमांच्या चुका मात्र नुसत्या त्रासदायक आहेत. स्पर्धेत दर चालीला तीस सेकंद वाढवून मिळतात असं सुरुवातीला लिहिलं आहे, आणि शेवटच्या फेरीत नायिका पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला म्हणून चाली लिहायचं थांबवते. तीस सेकंदांची वाढ असेल तर शेवटपर्यंत लिहावंच लागतं. एका लहान मुलाला पहिल्याच नियमबाह्य चालीला हरलेलं ठरवतात, तेही चूक. अशा लांब डावात पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात, दुसऱ्यांदा केली तर हार. चाली लिहिण्याच्या कागदावर सगळं रहस्य उभं करणाऱ्या पुस्तकाने निदान कागदाचे नियम तरी तपासून घ्यायला हवे होते. मुखपृष्ठावरचा पटही उलटा मांडला आहे. खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, तिथे काळं आहे. दुसरीतल्या छोटीने ते सगळ्यांत आधी पकडलं.

मराठी अनुवाद ओघवता आहे, संवाद तर खरोखर मुलांच्या तोंडचे वाटतात. चाली छापताना मात्र गोंधळ झाला आहे. काही पानांवर राजाला "रा" आणि घोड्याला "घ", तर काही पानांवर इंग्रजी अक्षरं. नवख्या मुलाला तो मोठा डाव मांडताना याचा ताप होतो, म्हणून मी दोन्ही खुणांचा तक्ता करून मलपृष्ठाच्या आत चिकटवला. बांधणी साधारण. चौथ्या महिन्यात डावाचं पान सुटलं, कारण पुस्तक कायम तिथेच उघडं. आता ते पान प्लास्टिकच्या पाकिटात वेगळं ठेवलं आहे.

कितव्या वर्षापासून वाचावं, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. दहाच्या पुढे निवांत. मोहरे कसे चालतात एवढं माहीत असावं, स्पर्धा खेळलेली नसली तरी चालेल. हिंसा नाही. शेवटी चोरी करणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून बोलतात, तो प्रसंग मला जास्त कठोर वाटला. मुलांनाही वाटला. दोघीजणी त्यावर बराच वेळ गप्प बसल्या होत्या. वाचून झाल्यावर त्याबद्दल मुलांशी जरूर बोला.

हल्ली शनिवारचा कार्यक्रम बदलला आहे. मुलं स्वतःच खोटे डाव रचून आणतात. एका डावात एकच न बसणारी गोष्ट लपवायची आणि बाकीच्यांनी ती शोधायची. कुणी पांढऱ्या घरांवरचा उंट काळ्या घरावर नेऊन ठेवतं, कुणी मेलेला हत्ती दहा चालींनी परत आणतं. अशा गोष्टी आप्पा पाच मिनिटांत काढतात. गेल्या शनिवारी त्या सातवीतल्या मुलीने आणलेला डाव मात्र त्यांना सापडला नाही. तीनदा मांडला. "आजोबा, सांगू का?" तिने विचारलं. आप्पा म्हणाले, "नको, पुढच्या शनिवारपर्यंत थांब." कागद त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलेला आहे आणि पट अजून मांडलेलाच आहे.