विंचोलोचं लेसचं पुस्तक: सात महिने, एक पेलिकन आणि अर्धा मोर

पुस्तक आलं त्या दिवशी नवऱ्याने चाळून विचारलं, "यात वाचायचं काय?" प्रश्न रास्त होता. फेदेरिको विंचोलो मूळचा व्हेनिसचा. त्याचा लेसच्या नमुन्यांचा हा संग्रह १५८७ साली पॅरिसमध्ये निघाला आणि तिसऱ्या हेन्रीच्या राणीला, लुईझला, अर्पण केलेला आहे. माझ्याकडे आहे ते त्याचं जसंच्या तसं पुनर्मुद्रण. पानामागून पान चित्रं. टाका कसा घालायचा, दोरा कुठला, सुरुवात कुठून, याबद्दल अवाक्षर नाही. लेस शिकायला म्हणून घेणार असाल तर पैसे वाचवा.

पहिला भाग धागे काढून करायच्या लेसचा. कापडातले उभे-आडवे धागे काढून चौकटी पाडायच्या, उरलेल्या धाग्यांवर काजाचा टाका घालत जायचं आणि रिकाम्या जागेत चांदण्या, चक्रं भरायची. त्या काळी मानेभोवती मोठाल्या चुणीदार कॉलरी असत, त्यांच्या कडांना शोभतील असे टोकेरी काठही आहेत. सगळं काळ्यावर पांढरं छापलेलं. बघायला देखणं, पण झेरॉक्स काढली की नुसता काळा धब्बा. दोसुतीवर एक नमुना करून पाहिला. तिसऱ्या चौकटीत चुकीचा धागा कापला आणि तो तुकडा आता मिक्सर पुसायला आहे.

माझे पैसे वसूल झाले ते दुसऱ्या भागात. हे नमुने चौकटींच्या कागदावर काढल्यासारखे आहेत. मूळचे ते गाठी मारलेल्या जाळीत घरं भरण्यासाठी, पण क्रोशा करणारीला आणखी काय हवं? भरलेलं घर म्हणजे खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके; रिकामं घर म्हणजे दोन साखळ्या आणि पुढे एक खांब. शिवाय विंचोलोने चित्रासोबत लांबी-उंचीची घरं दिली आहेत. पेलिकन पक्षी लांबीला ७० घरं, उंचीला ६५. फ्रेंच येत नसलं तरी आकडे कळतात. सुरुवातीला घरामागे तीन धरून ७० घरांना २१० साखळ्या, वर एक, आणि ओळ वळवायच्या वेगळ्या.

तो पेलिकन मी पावणेदोन महिने विणला. घर अर्ध्या सेंटीमीटरचं धरून ३५ बाय साडेबत्तीस असा हिशोब केला होता. रुंदी बरोबर आली, उंची गेली ३८ वर! माझे खांब उंच पडतात, त्यामुळे घर चौकोनी न राहता उभट होतं. सासूबाई म्हणाल्या, "बगळा छान झालाय." साबुदाण्याची खळ करून, टाचण्या टोचून ओढून वाळवला तेव्हा थोडा बसका झाला. आता आधी दहा घरांचा तुकडा विणून पट्टीने मोजते, मगच साखळी धरते. हे कळायला पुस्तकाची गरज नव्हती, पण पुस्तकाने कळायला लावलं.

तक्रारी दोन. घरं फार बारीक आहेत. चाळिशी लावूनही ओळ चुकते, म्हणून प्रत्येक नमुना आलेखाच्या वहीत उतरवून घेते आणि झालेल्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारते. दुसरी, बांधणी. पुस्तक सपाट उघडं राहत नाही. मी पोळपाट ठेवून दाबलं, तर तिसऱ्या महिन्यात मधली पानं सुटली. विणताना समोर लागणारं पुस्तक असं का बांधतात, देव जाणे.

सध्या मोर चालू आहे. आपल्याकडे पैठणीपासून रांगोळीपर्यंत इतके मोर पाहिलेत की फ्रान्समधला हा जरा कोंबडीसारखाच वाटतो. पिसाऱ्यातल्या काही रिकाम्या घरांत मी माझ्या मनाने खांब भरलेत. सुटलेली पानं काढून मोबाइलच्या स्टँडवर उभी करते, त्यामुळे निदान मान तरी दुखत नाही.