नवी पेठेतील टीव्ही दुरुस्ती : फ्यूज वारंवार का उडत होता
आमच्याकडील २१ इंची, पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही बटण दाबताच फ्यूज उडवू लागला, तेव्हा पहिल्या दुकानदाराने अधिक अँपिअरचा फ्यूज बसवून दिला आणि तोही घरी येताच उडाला. त्यानंतर नवी पेठेतील एका बोळातल्या लहानशा दुकानात मिळालेली सेवा मात्र नोंद घेण्याजोगी आहे.

तेथील कारागिराने प्रथम उडालेला फ्यूज उजेडात धरला. काच आतून काळी पडली असेल तर तार नुसती वितळलेली नसून पुढे कुठेतरी थेट शॉर्ट आहे, असे त्यांनी सांगितले. नवे फ्यूज वाया न घालवता त्यांनी १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे टीव्हीकडे जाणारा प्रवाह बल्बमधूनच जाईल असा, जोडला. तो पूर्ण प्रकाशाने पेटला, म्हणजे शॉर्ट कायम होता; तेव्हा त्यांनी पडद्याभोवतीच्या डिगॉसिंग कॉइलचा (पडद्यात साचलेले चुंबकत्व घालवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) प्लग काढला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे डायोड, मोठा कपॅसिटर व पॉवर ट्रान्झिस्टर शाबूत होते आणि दोष कॉइलला जोडलेल्या पोझिस्टरचा (गरम होताच कॉइलचा प्रवाह अडवणाऱ्या लहान भागाचा) होता. काढलेला पोझिस्टर हलवला, तर आतून चक्क खुळखुळ वाजत होता!

नवा भाग बसवून मूळ अँपिअरचाच फ्यूज लावण्यात आला. टीव्हीवर सोलापुरी चादर घालण्याच्या आमच्या सवयीबद्दल बोलणी खावी लागली, ती रास्तच होती. तक्रार एवढीच, की पावती मागूनही मिळाली नाही.