काच आणि बोर्ड कापायचं भिंतीवरचं मशीन: फ्रेमिंगच्या वर्कशॉपमध्ये सगळे सीझन वापरून झाल्यावर

आमचं कोल्हापुरात फोटो फ्रेमिंगचं वर्कशॉप आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कीनकट कंपनीचं एक्सकॅलिबर ५००० हे भिंतीला लावायचं कटिंग मशीन सेकंडहँड घेतलं, इंग्लंडमधली कंपनी आहे, आणि त्यावर आता गणपती, दिवाळी, लग्नसराई, मानपत्रांचा सीझन असं सगळं होऊन गेलंय, त्यामुळे लिहायला हरकत नाही. बरेच फ्रेमवाले विचारतात की हातात काच कापायचा हिरा आणि लाकडी पट्टी असताना एवढे पैसे कशाला घालायचे. मी म्हणतो स्पीडसाठी घेऊ नका, स्पीड मिळतोच पण तो खरा मुद्दा नाही. खरा मुद्दा हा की काच, माउंट (चित्राभोवतीची जाड कार्डाची चौकट) आणि मागचा बोर्ड तिन्ही एकाच स्टॉपला, म्हणजे माप धरून ठेवणाऱ्या अडणीला, लावून एकाच काटकोनात कापले जातात, त्यामुळे तिन्ही एकावर एक ठेवले की कडा एकसारख्या येतात आणि फ्रेमच्या खाचेत न रेटता बसतात. हाताने कापताना काच अर्धा सूत मोठी आणि बोर्ड एक सूत लहान हे रोजचंच असतं, मग काच कानशीने घासा, बोर्डला कागद लावा, आणि जोर लावून बसवलेली काच चार महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर कोपऱ्यातून तडकते ते वेगळंच.

कोल्हापुरात चित्रकार भरपूर, आबालाल रहमान यांच्यापासून जलरंगाची परंपरा आहे इथे, आणि जलरंगाचं काम म्हटलं की माउंट आलाच कारण काच चित्राला टेकता कामा नये, टेकली की दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरते. इथल्या शाहू स्मारक भवनात प्रदर्शन असलं की एकाच साइझच्या पंचवीस-तीस फ्रेम एकदम येतात आणि त्या भिंतीवर एका ओळीत लागणार असतात, तिथे दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा लांबून दिसतो. असल्या कामात मशीनने जीव वाचवला. स्टॉप एकदा लावला की पहिला तुकडा आणि तिसावा तुकडा सारखाच, मध्ये चहा प्यायला गेलात तरी.

आता निवडताना काय बघितलं ते सांगतो. समोर तीन पर्याय होते. एक म्हणजे आपल्याकडे ॲल्युमिनियम सेक्शनमध्ये बनवून देतात ती मशीन, स्वस्त आहेत, काचेला ठीक, पण मी जी बघितली त्यात हेड, म्हणजे चाक-ब्लेड बसवलेला सरकणारा भाग, गाइडवर किंचित हलत होतं आणि हेड हललं की काचेवरची रेघ हलते. दुसरा अमेरिकन फ्लेचर ३०००, तेही उभंच मशीन, जगभर फ्रेमवाले वापरतात, काच, ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) आणि माउंटबोर्ड तिन्हीला चांगलं. तिसरं हे एक्सकॅलिबर. माझा निर्णय एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डवर, झाला. आपल्याकडे मागचा बोर्ड म्हणजे बहुतेक वेळा हार्डबोर्ड नाहीतर ३ एमएम एमडीएफ, आणि त्याला साधं ब्लेड चालत नाही, दोन-चारदा ओढावं लागतं, ब्लेड बोथट होतं, कड फाटते. एक्सकॅलिबरमध्ये बोर्ड दोन गोल चाकांच्या मध्ये धरून कापायची टूल आहे, भुसा उडत नाही आणि कटरमशीनचा आवाज नाही, भर बाजारात दुकान असेल तर शेजाऱ्यांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. तुमचं बॅकिंग जर सगळं सनबोर्ड किंवा फोमबोर्डचं असेल तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही, मग जे जवळ आणि सर्व्हिससकट मिळतंय ते घ्या.

भिंत! ह्याबद्दल कोणी बोलतच नाही. मशीनची कापायची उंची साधारण सव्वापाच फूट आहे त्यामुळे ४ बाय ८ ची शीट आडवी ठेवली की चार फुटांचा कट आरामात होतो, पण शीट सरकवायला डावीकडे-उजवीकडे मोकळी जागा लागते, आठ फुटी शीट मधोमध कापायची तर दोन्ही बाजूंना चार-चार फूट हवेत. पेठेतल्या बारा फुटी गाळ्यात दार, विजेचा बोर्ड आणि देव्हारा सोडून एवढी सलग भिंत निघते का ते आधी टेपने मोजा. आणि भिंत वीटकामाची हवी, प्लायच्या पार्टिशनला हे मशीन लावू नका, हेड ओढताना पूर्ण फ्रेम हलते. आमच्याकडे जुन्या गाळ्याची भिंत फुगलेली होती म्हणून आधी दोन उभ्या लोखंडी अँगल ओळंब्यात बसवून घेतल्या आणि त्यावर मशीन चढवलं, फॅब्रिकेशनचा खर्च वेगळा धरा.

बसवल्यावर सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे काटकोन तपासणं, आणि गुण्या लावून ते नीट कळत नाही कारण गुण्या लहान असतो. सोपी पद्धत अशी की सरळ कडेचा मोठा माउंटबोर्ड खालच्या रेलवर ठेवायचा, मधोमध उभा कापायचा, मग एक अर्धा भाग पुस्तकाच्या पानासारखा उलटा करायचा, खालची कड खालीच ठेवून, आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना भिडवायच्या. काटकोन बरोबर असेल तर कडा वरपासून खालपर्यंत मिटतात, चुकलेला असेल तर वर किंवा खाली फट दिसते आणि ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक फरकही डोळ्याला दिसतो. हे मी आता सीझन सुरू व्हायच्या आधी आणि मशीन कोणी धक्क्याने हलवलं तर लगेच करतो.

काचेबद्दल. आम्ही रोज २ एमएम वापरतो, मोठ्या फ्रेमला ३ किंवा साडेतीन. मशीनवर असो की हातात, नियम तेच, काचेवर रेघ एकदाच ओढायची, त्याच रेघेवर परत चाक फिरवायचं नाही, कारण चाक काच कापत नाही, वर एक बारीक चीर पाडतं आणि काच त्या चिरेवर मोडते, दुसऱ्यांदा फिरवलं की चिरेच्या कडा चुरतात आणि काच मनाला येईल तिकडे जाते. बरोबर दाब असला की एकसारखा सुईसुई आवाज येतो आणि रेघ जेमतेम दिसते. रेघ पांढरी पडून त्यातून चुरा उडायला लागला म्हणजे दाब जास्त झाला. मशीनचा फायदा हा की दाब एकदा सेट केला की माझा हात असो की कामावरच्या नवीन पोराचा, रेघ तीच. पूर्वी काचेला मी सोडून कोणी हात लावायचा नाही, आता पोरगं लावतं, आणि मी त्या वेळात माउंटचं बारीक काम करतो. चाकाला रॉकेल किंवा कटिंग ऑइलचा थेंब लावतो आणि रेघ मारली की लगेच मोडतो, रेघ मारून काच बाजूला ठेवून फोन घ्यायला गेलं की नंतर ती स्वच्छ मोडत नाही, हे जुने काचवालेही सांगतात. आरशाला नेहमी काचेच्या बाजूने रेघ, पाठीकडून नाही. टफन (तापवून कडक केलेली) काच कुठल्याच मशीनवर कापली जात नाही, ती आधीच साइझने मागवायची, गिऱ्हाइकाला हे पटवायला वेळ लागतो पण पटवा.

वाया जाणारी काच खूपच कमी झाली. किती टक्के ते विचारू नका, मी तसा हिशोब ठेवलेला नाही, पण मागच्या बाजूचा फुटक्या काचेचा डबा पूर्वी ज्या वेगाने भरायचा तसा आता भरत नाही, आणि उरलेले तुकडे सरळ कडेचे निघतात म्हणून त्यातून ५ बाय ७ आणि ६ बाय ८ च्या काचा कापून ठेवता येतात, देवाच्या लहान फोटोंना त्याच लागतात.

ॲक्रिलिकचं काम वाढलंय कारण पुण्या-मुंबईला फ्रेम कुरियरने पाठवायच्या असतात. २ एमएम काचेचं वजन एका चौरस मीटरला ५ किलो, तेवढ्याच जाडीचं ॲक्रिलिक अडीच किलोच्याही आत, शिवाय काचेसारखं सहज फुटत नाही. त्याला आकड्यासारखं ब्लेड असतं, तीन-चारदा ओढून खाच खोल करायची आणि मोडायची, वरची फिल्म आधी काढायची नाही. कट छान येतो, पण स्टॅटिकमुळे धूळ ओढते, त्याचा मशीनशी संबंध नाही.

मापांचं एक सांगायचं राहिलं. आपला धंदा इंचात आणि सुतात चालतो, १२ बाय १८, २० बाय ३०, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. आम्ही मशीनवर मिलिमीटरमध्येच काम करायचं ठरवलं आणि शेजारी भिंतीवर कागद चिकटवलाय, १२ बाय १८ म्हणजे ३०५ बाय ४५७, २० बाय ३० म्हणजे ५०८ बाय ७६२, आणि काच नेहमी खाचेच्या मापापेक्षा २ ते ३ मिलिमीटर लहान. सुरुवातीला पोरं कुरकुरली, आता कोणी परत सुतात जायला तयार नाही.

जे होत नाही तेही ऐका. माउंटच्या खिडकीचा ४५ अंशांचा तिरका कट यावर होत नाही, त्याला वेगळा माउंट कटर लागतोच, हे मशीन फक्त बाहेरचं माप कापतं. गोल आणि लंबगोल काच नाही. फ्रेमच्या पट्टीचा कोपरा तर अर्थातच नाही, त्याला गिलोटिन किंवा मायटर सॉ हवा. म्हणजे ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने पहिली खरेदी ही करू नये, आधी कोपरे जुळले पाहिजेत, गिऱ्हाईक पहिल्यांदा कोपराच बघतं. दिवसाला दोन-तीन फ्रेम असतील तर चांगला हातातला कटर, सपाट टेबल आणि त्यावर गालिचा एवढं पुरे आहे.

पैशांचं म्हणाल तर सेकंडहँड असूनही वाहतूक, अँगल, चाकं-ब्लेड सगळं धरून लाखाच्या वर गेलं. जीएसटी नोंदणी असेल तर बिलाने घ्या म्हणजे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळतं, छोट्या व्यापाऱ्यांच्या कंपोझिशन योजनेत असाल तर ते मिळत नाही, त्यामुळे नव्या-जुन्याचा हिशोब तुमचा वेगळा येईल. सेकंडहँड बघायला जाताना स्वतःची काच आणि स्वतःचा बोर्ड घेऊन जा आणि तिथेच कापून बघा, वर सांगितलेली उलटी करून भिडवायची टेस्ट तिथेच करा, हेड वरपासून खालपर्यंत फिरवून कुठे अडकतं का ते हाताला जाणवतं, आणि खालची रेल वाकलेली नाही ना ते दोरा ताणून बघा. रंग उडालाय, पट्टी पुसलीय ह्याला काही अर्थ नाही, ते सगळं बदलता येतं, वाकलेली रेल मात्र बदलणं महाग पडतं. चाकं आणि ब्लेड कुठून मिळणार ते घेण्याआधी फोन करून विचारा आणि एक जादा सेट सोबतच घ्या, गणपतीच्या आठवड्यात चाक गेलं आणि माल यायला पंधरा दिवस लागले तर तेराव्याचा फोटो न्यायला आलेल्या माणसाला काय सांगणार, ते काम थांबवता येत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे हवा इतकी दमट असते की एमडीएफ फुगतो आणि कापलेलं माप दुसऱ्या दिवशी बदललेलं वाटतं, म्हणून बोर्ड जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब ठेवतो आणि लागेल तसाच कापतो, आठवड्याचा साठा कापून ठेवत नाही. काचांच्या मध्येही कागद घालून उभ्या ठेवतो, एकमेकींना चिकटून ओल धरली की काचेवर इंद्रधनुष्यासारखे डाग येतात आणि ते निघत नाहीत. मशीनला रोज संध्याकाळी ब्रश आणि व्हॅक्यूम, फुंकर किंवा ब्लोअर नाही, कारण उडालेली काचेची पूड थेट हेडच्या बेअरिंगमध्ये जाते. गाइडला हलकं मशीन ऑइल कापडाने पुसून, ग्रीस अजिबात नाही, त्यात पूड चिकटून बसते. आणि मशीनपाशी चप्पल चालत नाही, बूट सक्तीचे, कारण उभ्या मशीनवर मोडलेला तुकडा खालीच येतो.