स्टीम, आठ महिन्यांनंतर: सेलसाठी आलो, रिफंडमुळे थांबलो

आधीच कबूल करतो, मी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या या ऑनलाइन दुकानात, आलो तो सेलच्या मोहाने. पहिल्याच आठवड्यात अकरा गेम घेतले, त्यातले सात अजून इन्स्टॉलसुद्धा केलेले नाहीत. (हा रोग सगळ्यांनाच लागतो म्हणे.) पण सेल हल्ली सगळीकडेच असतात, तेवढ्यावर कोणी एका दुकानाला धरून राहत नाही.

माझं मन वळलं ते एक गेम परत करताना. ट्रेलर झकास होता, पण माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर गेम नुसता अडखळत होता. तासभर सेटिंग्जशी झटापट केली आणि शेवटी रिफंड मागितला. नियम सरळ आहे: घेऊन 14 दिवस झाले नसतील आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर कारण काहीही सांगा, पैसे परत. हुज्जत नाही, विनवण्या नाहीत. 2015 पासून ही सोय आहे. गंमत म्हणजे तेव्हापासून माझी खरेदी वाढली. नाव न ऐकलेल्या छोट्या स्टुडिओचे गेमही आता बिनधास्त घेऊन बघतो. दुकानदाराला हे गणित आधीच कळलं असणार!

रिव्ह्यूंचंही तसंच. लिहिणारा किती तास खेळलाय ते तिथेच दिसतं. 400 तास खेळून ‘वेळ वाया गेला’ लिहिणारे महाभागही भेटतात, पण त्यांची तक्रार मी सगळ्यात आधी वाचतो.

मध्यंतरी लॅपटॉप बदलला. पूर्वी गेम चालवायच्या दुसऱ्या एका ॲपवर माझं पन्नासेक तासांचं सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) उडालं होतं, त्यामुळे धाकधूक होती. इथे लॉगिन केलं, गेम उतरवला आणि जिथे सोडला होता तिथूनच सुरू. अशी प्रगती ऑनलाइन जपणारं क्लाउड सेव्ह प्रत्येक गेमला नसतं, तेवढं स्टोअर पेजवर बघून घ्या.

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलंय, आणि खरी कमाल तिथे आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 2018 मध्ये आणलेलं प्रोटॉन हे सॉफ्टवेअर विंडोजचे गेम लिनक्सवर चालवतं. पडद्यावर चित्र आणायला गेम विंडोजच्या डायरेक्टएक्समध्ये बोलतो, प्रोटॉन ते लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनला समजेल असं करून देतं. मला टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडावंच लागलं नाही. अँटी-चीटवाले (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर असलेले) काही ऑनलाइन गेम मात्र अडून बसतात.

हेच स्टीम 2003 मध्ये आलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. पुढच्या वर्षी हाफ-लाइफ 2 ची डिस्क विकत आणूनही स्टीमशिवाय गेम चालेना, तेव्हा तर आणखीच.

खुपतं एवढंच की इथे गेम आपल्या मालकीचा होत नाही, वापराचा परवाना मिळतो. खेळून झाला म्हणून विकता येत नाही, अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून मी ठरवलं होतं, जो गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळेल तो तिथूनच घ्यायचा आणि इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर जपून ठेवायचा. मागच्या महिन्यात तसा एक मिळालाही. पण तो जुन्या, लिनक्सवाल्या लॅपटॉपवर खेळायचा होता आणि प्रोटॉन स्टीममध्ये आयतं मिळतं, म्हणून गुपचूप स्टीमवरच घेतला.