‘कधीच न बसवलेला’ डिरेलर आणि माझे ७,२३० रुपये

जुन्या सायकलींचे पार्ट ऑनलाइन घेत असाल तर हे वाचाच. ६,४५० रुपये डिरेलरचे (गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पार्ट) आणि वर ७८० रुपये कुरिअरच्या इन्शुरन्सचे, जो विक्रेत्याने काढलाच नव्हता. एकूण ७,२३० चा चुना.

माझ्या जुन्या प्यूजो सायकलला सिम्प्लेक्स प्रेस्टिज हाच डिरेलर हवा होता. प्लास्टिकचा डिरेलर घेतोच कशाला, असं म्हणणारे म्हणतीलच. डेल्रिन, म्हणजे त्याचं प्लास्टिक, जुनं झालं की तडकतं, हे मलाही ठाऊक आहे हो! म्हणून तर पेटीबंद माल शोधत होतो.

पैसे साइटबाहेर दिले, कारण ‘कमिशन वाचलं की तेवढं कमी करतो’ असं विक्रेता म्हणाला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पण माणूस जाणकार होता. कॅम्पॅग्नोलोच्या नुओवो रेकॉर्ड डिरेलरवर पेटंटचं साल कुठे असतं, हे त्याने न विचारता सांगितलं. असा माणूस भामटा निघेल असं कुणाला वाटेल?

डोकं फिरतं ते त्या व्हिडिओने. मीच मागून घेतला होता. बोटाने डिरेलर आत ढकलतो, निम्म्यावर थांबतो, सोडून देतो. वरच्या पिव्होटवरून, म्हणजे सांध्यावरून, अंगठा काही हलत नाही. पूर्ण ढकलून दाखवा म्हटलं, तर म्हणे ग्रीस सुकलंय, बसवल्यावर मोकळा होईल. अरे, न वापरलेला डिरेलर निम्म्यावर अडतोच कसा? हे तेव्हा सुचायला हवं होतं. पण लगेच ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ असा मेसेज आला आणि मी पैसे पाठवून मोकळा.

बसवला, तर चेन मोठ्या चकतीवर चढेना. हँगर (डिरेलर जिथे अडकवतात ती पट्टी) सरळ, केबल नवी. डिरेलर आत किती सरकेल ते ठरवणारा लिमिट स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल केला, तरी तेच. मग लिव्हर ओढून मागे वाकून पाहिलं. चेन धरणारी केज सरकायच्या ऐवजी बॉडीच पिळवटत होती आणि पिव्होटपाशी केसाएवढी फट उघडत होती. नख लावल्यावर काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला, खाली गोंद. डेल्रिनला गोंद धड धरतही नाही! भर रस्त्यात तुटला असता तर केज थेट आऱ्यांत.

(न वापरलेल्या डिरेलरच्या जॉकी व्हीलचे, म्हणजे केजमधल्या छोट्या चाकांचे, दात झिजलेले नसतात. आधी तेच पाहा.)

तक्रारीची तऱ्हा आणखी वेगळी. साइट म्हणते, व्यवहार आमच्याकडे झालाच नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. चौकीत विचारलं, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ गोंदाची रेघ दाखवली तर साहेबांनी चष्मा काढून पाहिली आणि म्हणाले, चिकटलंय की व्यवस्थित. खूप हुज्जत घातल्यावर अर्ज घेतला, त्यात विषय लिहिला ‘सायकल चोरी’. सायकल घरी आहे म्हटलं, तर मग तक्रार कशाची, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून!

व्हिडिओत डिरेलर दोन्ही टोकांपर्यंत हलवून घ्या, बोटं पिव्होटपासून लांब. इन्शुरन्सची पावती आधी, पैसे नंतर. पार्सल उघडताना शूटिंग करा. मी केलं नव्हतं, आणि आता विक्रेता म्हणतो, तडा तुम्हीच पाडलात.